पायाची नाडी बघितलीत का? (पायातला रक्तप्रवाह: लक्षणं, तपासण्या, उपचार)

वाडीतली सिस्टर

गणपती जवळ आले. मुंबई-पुण्याची माणसं आता गावाकडे निघतील. घरी पोचल्यावर आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या पाया पडाल तेव्हा ते पाय जरा नीट बघा, हे सांगायला हा धागा काढतेय.

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत झाली. ड्रेसिंगला येणारे कितीतरी पाय आधी महिनोन्‌महिने घरीच तेल लावून, शेकून, पट्ट्या बांधून मग आमच्याकडे यायचे. "वाताचं आहे, जाईल हळूहळू" म्हणत दिवस गेलेले असायचे आणि तोवर बोट काळं पडलेलं असायचं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं घरबसल्या ओळखता येतं.

पायात रक्ताचे दोन मार्ग आहेत. धमन्या हृदयाकडून रक्त खाली आणतात, शिरा ते परत वर नेतात. बागेत कलमापर्यंत पाणी पोचतच नाही ही एक तक्रार, आणि पोचलेल्या पाण्याचा निचरा होत नाही ही दुसरी; दोन्हींत झाड सुकतं, पण उपाय एक नाही. पायाचंही तसंच आहे. शिरांच्या दुखण्यात पाय उंच ठेवला की बरं वाटतं, धमनीच्या दुखण्यात उंच ठेवला की दुखणं वाढतं. एकात घट्ट मोजा हे औषध आहे, दुसऱ्यात त्याच मोज्याने उरलंसुरलं रक्तही अडतं.

धमनीचं दुखणं असं ओळखायचं: ठरावीक अंतर चाललं की पोटरीत पेटके आल्यासारखं दुखतं, थांबलं की काही मिनिटांत जातं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखतं. अडथळा वर, कमरेच्या भागात असेल तर मांडी आणि कुल्ल्यातही दुखतं. पाऊल थंड लागतं, पायावरची लव झडते, कातडी पातळ आणि चकचकीत होते, नखं जाड होऊन वाढेनाशी होतात. पुढची पायरी म्हणजे रात्री झोपल्यावर पावलात आग होणं. अशी माणसं पाय खाटेखाली लोंबकळत सोडून बसलेली दिसतात, कारण तसं केलं की रक्त जरा उतरतं. कोणी आजोबा रात्र रात्र खुर्चीत बसून काढत असतील तर ते झोप येत नाही म्हणून की पाय दुखतो म्हणून, हे विचारा. यातल्या जखमा बहुतेक बोटांच्या टोकांवर आणि टाचेवर होतात, आणि फार दुखतात.

शिरांचं दुखणं संध्याकाळी बोलतं. दिवसभर उभं राहिलं की पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, सकाळी ओसरते. शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात. पुढे घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी तपकिरी-काळी पडते, खाजते, आणि तिथेच जखम होते. पाऊल मात्र गरम असतं आणि नाडी लागते.

आता नाडी. पायाच्या वरच्या बाजूला अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून सरळ घोट्याकडे यायचं. साधारण पावलाच्या मध्यावर हाताची दोन-तीन बोटं हलकी ठेवायची. दाबायचं नाही, दाबलं की नाडी बंद होते आणि तुमच्याच बोटाचे ठोके लागतात. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाच यांच्या मधल्या खळग्यात. काही चांगल्या धडधाकट माणसांची वरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही बघायच्या, आणि दोन्ही पायांच्या. पाय आधी चादरीखाली ऊब देऊन घ्या, पावसाळी गारठ्यात नाड्या लपतात. नाडी लागली नाही म्हणून घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरकडे जायचं ते त्याच आठवड्यात.

ज्यांना शंका असेल त्यांनी इथे विचारा. मी डॉक्टर नाही. मला जे ठाऊक आहे ते सांगेन, बाकीचं इथले डॉक्टर सांगतील.

वाडीवाला

सिस्टर, तुमचा धागा वाचून बाबांचीच गोष्ट आठवली. वय ६८, मधुमेह आहे, बिडी आता सोडली आहे. आमचं घर वरच्या वाडीत. बाजारातून येताना पाखाडी चढायला लागलं की मधल्या पारावर त्यांना थांबावंच लागतं. उजवी पोटरी धरते म्हणतात. एका खासगी दवाखान्यात पाठीचा एक्स-रे काढून मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं, पट्टा दिला, गोळ्या दिल्या. वर्ष होत आलं, फरक शून्य. मणका की रक्तपुरवठा, हे घरी कसं ओळखायचं?

वाडीतली सिस्टर

वाडीवाला दादा, एकच प्रश्न बाबांना विचारा: दुखायला लागल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं का, की बसावंच लागतं?

मणक्यात नस दबली असेल तर उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. अशा माणसाला चढण त्यातल्या त्यात सोपी जाते कारण चढताना आपण पुढे वाकतो. उतरताना त्रास जास्त. रक्तपुरवठ्याचं असेल तर भिंतीला टेकून उभं राहिलं तरी पुरतं, दुखणं रोज साधारण तेवढ्याच अंतरावर येतं आणि चढणीला लवकर येतं, कारण तिथे स्नायूला रक्त जास्त लागतं. तुम्ही लिहिलंय ते ऐकून मला तरी आधी नाडी बघावीशी वाटते. वयस्कर माणसांत दोन्ही एकत्रही असतात. साठीनंतर एक्स-रेत मणक्याची झीज बहुतेकांची दिसतेच, तेवढ्यावरून पोटरीचा निकाल लावू नये.

टाका-दोरा

सिस्टरांशी पूर्ण सहमत. मी शल्यचिकित्सक आहे, रक्तवाहिन्यांचे रुग्ण रोज बघतो. तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक थेट महागड्या स्कॅनवर उडी मारतात.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि घोट्याच्या वरच्या आकड्याला हाताच्या वरच्या आकड्याने भागायचं. दोन्ही हातांचा मोजून जो जास्त तो घेतात. घोट्याला स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही, म्हणून हातात धरायचं छोटं डॉप्लर यंत्र लागतं. समजा हाताचा १४० आणि घोट्याचा ९८ आला, तर भागाकार ०.७०. निरोगी माणसात तो १ ते १.४ च्या दरम्यान असतो. ०.९० किंवा त्याखाली आला की धमनी अरुंद झाली आहे असं धरतात, ०.४० च्या खाली म्हणजे पाय धोक्यात.

मधुमेह जुना असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक होते, पट्ट्याने दाबलीच जात नाही, आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो चांगला आकडा समजून घरी जाऊ नका. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात, कारण बोटातल्या बारीक धमन्या तेवढ्या कडक होत नाहीत.

त्यानंतर कलर डॉप्लर, म्हणजे पायाची सोनोग्राफी. सीटी ॲन्जिओग्राफी फक्त फुगा (धमनीत फुगा फुगवून ती रुंद करणं) किंवा बायपास करायचं ठरत असेल तेव्हा. त्यात शिरेतून देतात ते डाय (रंगद्रव्य) मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी बघायची.

वाडीवाला, बाबांना घेऊन जा तेव्हा "पायाच्या नाड्या तपासा आणि घोट्याचा दाब मोजा" असं स्पष्ट सांगा. हे मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

कातळसडा

सगळं मान्य, पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल तेलाची मालिश, मिठाच्या गरम पाण्यात पाय, भेगांत बिब्बा हेच चालत आलंय आणि लोकांना बरं वाटतं. सगळंच टाकून द्यायचं का? गावात डॉप्लर कुठून आणायचा?

वाडीतली सिस्टर

सगळं टाकायचं नाही, कातळसडा. कोरड्या टाचांना खोबरेल किंवा कोकमाचं तेल उत्तम आहे, मी स्वतः सांगते. फक्त बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात.

पण गरम पाणी आणि शेक यावर मी हटून बसणार. मधुमेहात पायाची जाणीव गेलेली असते. पाणी किती गरम ते पायाला कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असला की भाजलेली कातडी भरून येत नाही. शेगडीशी पाय शेकून, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपून आलेले फोड मी धुतले आहेत. पाणी वापरायचंच तर आधी हाताच्या कोपराने बघा, आणि तेही दुसऱ्या कोणीतरी.

बिब्बा तर नकोच. त्याचं तेल निरोगी कातडीलाही फोड आणतं. नाडी न लागणाऱ्या पायाला बिब्बा म्हणजे जखम आपल्या हाताने करणं. काळं पडलेलं कोरडं बोट पाण्यात भिजत घालणंही तसंच: कोरडं आहे तोवर ते आवरलेलं असतं, ओलं झालं की जंतू चढतात आणि वर सरकतात.

गावात डॉप्लर नाही, पण बोटं सगळ्यांना आहेत. नाडी बघायला यंत्र लागत नाही. शंका आली तर पुढे जिल्हा रुग्णालय आहे.

कर्लीकाठ

माझ्या आवशीक वेगळोच त्रास असा. ती खानावळीत जेवाण करता, सकाळपासून उभी. सांजचे पाय सुजतत, सकाळी उठल्यार बरे असतत. पोटरीच्या मागे शिरो फुगान गाठी झाल्यो असत. घोट्याकडे कातडी काळी पडली आणि खाज सुटता. खाजवलेल्या जाग्यार जखम झाली ती काय भरणा नाय. सुगर नाय म्हणान सांगलानी. मलमा लावन झाली, गोळये झाले. काय करूचा?

वाडीतली सिस्टर

कर्लीकाठ, तुम्ही सांगताय ते शिरांचं दुखणं वाटतं. जखम आतल्या घोट्याच्या वरच आहे ना? त्या जखमेला नुसत्या मलमाने आणि अँटिबायोटिकने गुण येत नाही, कारण दोष जखमेत नाही, शिरांच्या झडपांत आहे. झडपा सैल झाल्या की रक्त वर जाण्याऐवजी खाली साचतं, दाब वाढतो, कातडी आतून कुजते. तो दाब कमी केला की जखम भरते. म्हणजे थरांची घट्ट पट्टी, पावलापासून गुडघ्याखालपर्यंत, शिकलेल्या माणसाने बांधलेली. पण आवशीच्या पायाच्या नाड्या आधी बघून घ्या, नाडी नसेल तर पट्टी नाही. पडल्यावर पाय उशीवर हृदयापेक्षा उंच ठेवायचे. बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या. पोटरीचे स्नायू आवळले की तेच रक्त वर ढकलतात. खानावळीतही चुलीपुढे खांबासारखं उभं न राहता मधे मधे चार पावलं फिरायला सांगा.

आणि एक लक्षात ठेवा. फुगलेल्या शिरेला धक्का लागून रक्ताची धार लागली तर घाबरून उभं राहू नये. ताबडतोब आडवं करायचं, पाय उंच धरायचा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागी दाबून धरायचं. थांबतं. वर दोरी आवळून बांधू नका.

टाका-दोरा

कर्लीकाठ, थोडी भर. आईंची सोनोग्राफी उभं राहून करायची असते, झोपवून केली तर सैल झडप नजरेतून सुटते. करणाऱ्याला आठवण करा. जखम भरल्यावर, किंवा भरत असतानाच, मूळ शीर बंद करता येते. आता बहुतेक ठिकाणी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने आतून बंद करतात. भूल त्याच जागेपुरती, त्याच दिवशी चालत घरी. फेसाचं इंजेक्शनही असतं, जुनी शस्त्रक्रियाही आहे. ती शीर बंद केली तर रक्त कुठून जाईल असं सगळे विचारतात: मुख्य शिरा खोल असतात, त्या सगळं सांभाळतात. म्हणून आधी खोल शीर मोकळी आहे ना हे बघायचं.

पुढे मोजे लागतील. बाजारातून अंदाजाने आणू नका. घोट्याचा आणि पोटरीचा घेर सकाळी, सूज नसताना मोजून घ्यायचा. साधारण २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचे लागतात. जखम होऊन गेलेल्यांना कधी ३० ते ४०. अंथरुणातून उतरण्याआधी चढवायचे, झोपताना काढायचे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे घामाने नको होतात हे मला माहीत आहे, तरी उभं राहायच्या वेळात तरी घालायला सांगा. काही महिन्यांनी ताण जातो, मग बदलावे लागतात.

शिडाची होडी

तंबाखूवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे ट्रॉलरवर जाणारा माझा चुलतभाऊ, चाळिशीही झाली नव्हती. रात्रभर जाग्रण, बिडीवर बिडी. आधी पावलाच्या तळव्यात दुखायचं, मग अंगठ्याला जखम, मग अंगठा काळा. मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही. मुंबईला डॉक्टरांनी सांगितलं की हा तंबाखूचाच रोग आहे. अंगठा गेला. त्याने बिडी कायमची टाकली आणि पाय राहिला. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस लपून ओढायचा, त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

टाका-दोरा

हा बर्गरचा आजार. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरांनी कापलेले पाय तपासून त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. हातापायांच्या लहान आणि मधल्या धमन्या सुजून गुठळ्यांनी बुजतात. बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या आतले आणि तंबाखूवाले. धमन्या इतक्या बारीक असतात की बऱ्याचदा बायपासला पुढे जागाच सापडत नाही. त्यामुळे तंबाखू पूर्ण बंद हाच खरा उपचार. दिवसाला एक बिडीसुद्धा रोग चालू ठेवायला पुरते. मळलेला तंबाखू किंवा गुटखा खाऊन "ओढणं सोडलं" म्हणणारेही येतात. निकोटिन तिथूनही आत जातंच.

मध्यमवयात धमन्या चरबीने अरुंद होतात तो आजार वेगळा, पण त्यातही तंबाखू हेच सर्वांत मोठं कारण, बरोबर मधुमेह.

वाडीतली सिस्टर

आणि बायकांची मशेरी. आपल्याकडे तिला तंबाखूत कोणी धरत नाही. "तंबाखू खाता का?" विचारलं तर नाही म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मी म्हणून "दात कशाने घासता?" असं विचारायचे. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. आईला, काकूला ओरडू नका, शेजारी बसून फोन लावून द्या.

माहेरवाशीण

बाळंतपणानंतर माझा डावा पाय अचानक सुजला होता. मांडीपर्यंत, घट्ट, गरम. आई आणि मालिशवाल्या मावशी म्हणाल्या की वारा लागला, जोर लावून रगडू या. सुदैवाने गावातल्या आशाताई बाळाला बघायला आल्या होत्या, त्यांनी मालिश थांबवायला लावली आणि त्याच दिवशी हलवलं. सोनोग्राफीत खोल शिरेत गुठळी निघाली. बाळंतिणीला खोलीत पडून ठेवायची आपली पद्धत आहे, त्यामुळे असं होतं का?

टाका-दोरा

त्या आशाताईंचं मनापासून कौतुक. त्यांनी कदाचित तुमचा जीव वाचवला. गुठळी असलेला पाय रगडला तर तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात पडून राहणं, पाणी कमी पिणं, सिझेरियन, यांची भर पडते. बाळंतिणीने विश्रांती घ्यावी, पण घरातल्या घरात चालावं. डाव्या पायात गुठळी जास्त होते, कारण त्या पायाची शीर पोटात उजव्या धमनीखाली दाबली जाते.

इतरांसाठी: एकच पाय अचानक सुजणं हे लक्षण कधीही हलक्यात घेऊ नका. गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा लागतो तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. त्याबरोबर दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर १०८ ला फोन. मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टरमधला पाय, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या, लांबचा बसचा प्रवास ही नेहमीची कारणं. गणपतीत रात्रभर महामार्गावर गाडीत अडकून पडणाऱ्यांनी मधे उतरून फिरावं, बसल्या जागी पावलं हलवत राहावं.

उपचार म्हणजे रक्त पातळ करणारी औषधं, कमीत कमी तीन महिने. हेपारिन किंवा वॉरफरिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं, ते बंद करू नये. नवीन गोळ्यांबद्दल मात्र डॉक्टरांना विचारूनच.

माहेरवाशीण

हो, मला वॉरफरिनच होतं आणि रक्त तपासून डोस बदलायचे. श्रावणात टाकळा, अळू रोज चालायचं घरी, तेव्हा रिपोर्ट एकदम खाली आला होता.

टाका-दोरा

बरोबर. पालेभाज्यांतलं 'के' जीवनसत्त्व वॉरफरिनच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.

नारळीबाग

माझा प्रश्न थोडा वेगळा. आजीचे दोन्ही पाय घोट्याशी सुजतात, बोट दाबलं की खड्डा पडतो. हे पण शिरांचंच का? आणि शेजारच्या एका काकांचा एकच पाय कित्येक वर्षं सुजून टणक झालाय.

वाडीतली सिस्टर

दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत बघायचं. आजी रक्तदाबाची अम्लोडिपिन गोळी घेते का तेही बघा, तिने घोटे सुजतात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

काकांचं हत्तीपाय असू शकतं, ते रक्ताचं नाही, लसिकेच्या (लिम्फच्या) नळ्यांचं दुखणं. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघा, धरता येत नसेल तर ती शंका घट्ट. जंतूसाठी रक्ताची तपासणी रात्री करतात, कारण रात्रीच ते रक्तात फिरतात. झालेली सूज पूर्ण जात नाही, पण रोज साबणाने धुणं, बेचक्या कोरड्या ठेवणं आणि पाय उंच ठेवणं यांनी तापाचे झटके खूप कमी होतात.

मधुमेहींसाठी पावसाळ्याचंही इथेच लिहिते. भातलावणीत अनवाणी चिखलात उभं राहणं टळत नाही हे मला कळतं. पण शेतातून आल्यावर पाय धुवून, बेचक्यांत फडकं घालून कोरडे करा आणि तळवे बघा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. कालवं काढताना कापलेला, शिंगाळा माशाचा काटा लागलेला पाय मधुमेह्याने घरी ठेवू नये; खाऱ्या पाण्यातले काही जंतू एका रात्रीत पाय चढतात. चपला एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराच्या, मऊ तळाच्या आणि मागे पट्टा असलेल्या घ्या. अंगठ्यात धरायच्या स्लिपर्स पायातून कधी सुटल्या ते जाणीव गेलेल्या पायाला कळत नाही.

कातळसडा

एक गोष्ट विचारायची राहिली. आमच्या वाडीत एका म्हातारीचा पाय एका रात्रीत थंडगार पडला, सकाळपर्यंत बोटं हलेनात. हृदयाचे ठोके अनियमित होते म्हणे. ते काय असतं?

टाका-दोरा

ही या धाग्यातली सगळ्यांत घाईची गोष्ट. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात गुठळी होते, ती सुटून पायाच्या धमनीत अडकते. पाय अचानक दुखू लागतो, पांढरा आणि थंड पडतो, नाडी जाते, मुंग्या येतात, मग हलत नाही. साधारण सहा तास हातात असतात. त्यानंतर स्नायू मरायला लागतो.

शेकायचं नाही, चोळायचं नाही, पाय उंच करायचा नाही. चादर पांघरून सरळ ठेवा आणि निघा. जवळच्या रुग्णालयात पोचल्यावर पुढे पाठवण्याआधी हेपारिनचं इंजेक्शन देता येईल का, हे विचारा. गुठळी वाढत नाही, वेळ मिळतो. आणि जिथे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते तिथेच न्या, निघण्याआधी फोन करून खात्री करा. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातात, रत्नागिरीकडची आंबा घाटातून कोल्हापूरला. टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने गुठळी ओढून काढतात. थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती नळी बनवली, आजही तीच वापरतो. वेळेत आलेला पाय टेबलावरच गुलाबी होताना दिसतो.

वाडीवाला

बाबांना घेऊन जाऊन आलो. उजव्या पायाच्या दोन्ही नाड्या लागल्या नाहीत. घोट्याचा आकडा उजवीकडे ०.६२, डावीकडे ०.८८. डॉप्लरमध्ये मांडीतली धमनी बुजलेली आहे, पण बाजूच्या लहान वाहिन्यांतून खाली रक्त येतंय. जखम नाही, रात्री दुखत नाही. फुगा आत्ता नको म्हणाले. ॲटोर्वास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल आणि सिलोस्टाझोल लिहून दिलंय, चालायला सांगितलंय. बाबा म्हणतात दुखतं त्यावर चालायचं कसं? आणि खर्चाचंही सांगा, पुढे लागलं तर.

टाका-दोरा

योग्य उपचार मिळालाय. रात्रीचं दुखणं आणि जखम नसेल तर चालणं हेच पहिलं औषध. दुखण्याने स्नायूला इजा होत नाही, हे बाबांना समजावून सांगा. बरंच दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं थांबत-चालत ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान १२ आठवडे. स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतो, बाजूच्या वाहिन्यांतूनही पुरवठा सुधारतो.

सुरुवातीला पाखाडी नको, सपाट रस्ता घ्या. आणि चप्पल घालूनच. मधुमेह आहे, वाळूतही अनवाणी नको.

सिलोस्टाझोल सुरू करण्याआधी हृदयाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? हृदय कमजोर असेल तर ती गोळी देत नाहीत. झाला नसेल तर उद्याच फोन करून विचारा. बाकीच्या दोन गोळ्या पायापेक्षाही हृदयासाठी आणि मेंदूसाठी आहेत. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका मोठा असतो, त्यामुळे पाय बरा वाटला म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

वाडीतली सिस्टर

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटून बाबांची प्रक्रिया यादीत आहे का ते विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

दादा, आणि डाव्या पायाचा आकडाही कमीच आहे. नखं कापायची ती दोन्ही पायांची, सरळ रेषेत, उजेडात, आणि तुम्हीच कापा. कुरूप असेल तर ब्लेडने काढू नका, कुरूप काढायची पट्टी तर अजिबात लावू नका, त्यात आम्ल असतं.

वाडीवाला

इको झालेला नाही. सकाळी फोन करतो. तोवर सिलोस्टाझोल थांबवू का?

टाका-दोरा

सुरू केली नसेल तर इको होईपर्यंत सुरू करू नका. सुरू केली असेल तर ज्यांनी दिली त्यांना सकाळी विचारा, आणि बाबांना दम लागतो का, रात्री उशा वाढवून झोपावं लागतं का, हे त्यांना सांगा. घोट्याचा आकडा तीन महिन्यांनी पुन्हा मोजून इथे टाका.